‘ट्रेन व्ह्यू’ खोलीचा ॲडव्हान्स भरण्याआधी: खंडाळा-लोणावळ्यातली फसवणूक

कर्जत ते लोणावळा हा २८ किलोमीटरचा बोरघाट रेल्वेवेड्या माणसाला वर्षानुवर्षं पुरतो. १:३७ चा चढ (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), कर्जतला गाडीला मागून ढकलण्यासाठी जोडली जाणारी बँकर इंजिनं, एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरणारे डबे. हे सगळं पलंगावर बसून दिसणार असेल तर माणूस एका रात्रीचे दोन हजार जास्त मोजतो. फसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

क्रम बहुतेक वेळा एकच असतो. जाहिरातीत दरी, धुकं आणि वळणावरची गाडी. फोन केला की ‘हो हो, ट्रेन व्ह्यू आहे, शेवटचीच रूम उरलीय.’ निम्मे पैसे लगेच पाठवायचे. पोहोचल्यावर हातात पडते पार्किंगकडे उघडणारी खोली, आणि तक्रार केली की तयार उत्तर येतं: ‘व्ह्यू हॉटेलला आहे, गच्चीवर जाऊन बघा ना.’ शब्दाला धरून पाहिलं तर माणूस खोटंही बोललेला नसतो. हॉटेलला व्ह्यू आणि खोलीला व्ह्यू यांतल्या फरकावरच हा धंदा चालतो. टोकियो स्टेशनच्या अंगावर असलेल्या हॉटेलांत ट्रेन व्ह्यू हा खोलीचा प्रकार म्हणून वेगळा विकला जातो आणि बुकिंगवर तसा छापलेला असतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा फोनवरचा शब्दच राहतो.

फोटो कसा फसवतो ते नीट समजून घ्या. डब्याची उंची साधारण ४ मीटर. गाडी एक किलोमीटरवर असेल तर हात लांब करून पट्टीने मोजल्यास तो डबा जेमतेम अडीच मिलिमीटर भरतो, म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. २०० मीटरवर तोच डबा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जातो. जाहिरातीतला फोटो लांब पल्ल्याच्या लेन्सने किंवा ड्रोनने काढलेला असतो. ओळखायची खूण अशी, की गाडीच्या मागचा डोंगर तिला चिकटल्यासारखा आणि अवाढव्य दिसतो, आणि फोटोत खिडकीची चौकट, गॅलरीचा कठडा, पडदा असं खोलीचं काहीच नसतं. खंडाळ्यात दरीकडे तोंड असलेल्या कितीतरी खोल्यांतून ठळक दिसतो तो एक्स्प्रेसवे. रूळ त्याच्या पलीकडे एक बारीक रेघ, आणि तीही बोगद्यांनी तोडलेली.

म्हणून पैसे पाठवण्याआधी नकाशा उघडा. हॉटेलचा पिन सॅटेलाइट दृश्यात घ्या आणि तिथून रुळापर्यंतचं अंतर मोजा. ३०० मीटरच्या आत असेल तर पुढे बोला, अर्ध्या किलोमीटरच्या वर असेल तर त्या खोलीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दिसणारा तुकडा उघडा आहे की बोगद्यात, मध्ये झाडं आहेत का, तेही बघा. सॅटेलाइटचं चित्र जुनं असू शकतं आणि समोर नवी इमारत उभी राहिलेली असते, त्यामुळे पाहुण्यांनी गेल्या चार-सहा महिन्यांत टाकलेले फोटो शोधा.

मग खोलीतूनच व्हिडिओ कॉल मागा, तोही गाडीच्या वेळेला. डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुण्याहून सुटते आणि लोणावळ्यानंतर घाट उतरते. त्या दिवशी ती कुठे आहे हे रेल्वेच्या ॲपवर कळतं. ‘आत्ता रूममध्ये गेस्ट आहेत’ असं एकदा म्हटलं तर ठीक, तीनदा म्हटलं तर नाद सोडा. संध्याकाळच्या डेक्कन क्वीनचं आमिष हिवाळ्यात चालू देऊ नका. ती मुंबईहून ५:१० ला निघते, डिसेंबरात घाट चढेपर्यंत काळोख झालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं दिवसभर बसू शकतं. त्यात मालकाचा दोष नाही, पण ‘पावसाळा स्पेशल ट्रेन व्ह्यू’ म्हणून दर वाढवणं ही लबाडीच आहे. घाटात ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ बंद, असेल तर गाड्या रद्द होतात; मध्य रेल्वे तो आधी जाहीर करते, तारीख ठरवण्यापूर्वी बघून घ्या.

सगळं पटलं की व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवा आणि ‘कन्फर्म’ असं उत्तर आल्याशिवाय पैसे देऊ नका: ‘अमुक तारीख, खोली क्रमांक अमुक, मजला अमुक, खोलीच्या खिडकीतून रूळ दिसतो. ही खोली न दिल्यास पूर्ण ॲडव्हान्स परत.’ खोली क्रमांक द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे ती खोली तुमच्यासाठी नाही असंच धरा.

याहून वाईट प्रकार म्हणजे हॉटेल किंवा बंगला मुळात त्या माणसाचा नसणं. फोटो चोरलेले, नकाशावर नंबर भलत्याचाच. पिन टाकण्याआधी यूपीआयवर खातेदाराचं नाव दिसतं. ते हॉटेलचं नसून कुणा व्यक्तीचं असेल तर थांबा, आणि हॉटेलच्या दुसरीकडून मिळवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा’ हा दुसरा घाव असतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती अडवता येते, म्हणून उशीर महागात पडतो. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, बँकेलाही कळवा. हॉटेल खरं पण खोली भलती, असं असेल तर रजिस्टरवर सही करण्याआधी त्या खिडकीतून व्हिडिओ काढा, ‘कन्फर्म’चा मेसेज दाखवा आणि परताव्याची मागणी लेखी करा. ॲपवरून बुकिंग असेल तर तिथूनच, काउंटरसमोर उभं राहून तक्रार नोंदवा. एक रात्र राहिल्यावर ‘तुम्ही खोली वापरली’ हे उत्तर मिळतं. तरी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.