डब्लो की ट्राय-अँग?
ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात बालपण गेलेल्यांच्या आठवणीतली खेळण्यातली रेल्वे बहुधा या दोहोंपैकी एक. रुळांमधलं अंतर दोन्हींचं १६.५ मिलिमीटर, म्हणजे पट्टी लावून उपयोग नाही. मधोमध तिसरा रूळ आठवतोय? मग ती १९३८ साली आलेली हॉर्नबी डब्लो. दोन रुळांची डब्लो १९५९पासूनची. ट्राय-अँग पहिल्यापासून दोन रुळांची. हातात घेतलं की शंकाच मिटते: डब्लोचं इंजिन बहुधा ओतीव धातूचं, चांगलं जड, ट्राय-अँगचं प्लॅस्टिकचं. हे जुनं प्लॅस्टिक वाकडं होतं. युद्धापूर्वीच्या ओतीव धातूला मात्र आतूनच तडे जातात, असलं इंजिन फुकट मिळालं तरी नको! मी युद्धानंतरची डब्लोच घेईन, खिसा हलका झाला तरी.