माजी रेसरबरोबर सायकल सहल: मायोर्का की टस्कनी?

पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: जाहिरातीत ज्याचा फोटो आहे तो रेसर रोज तुमच्याबरोबर सायकलवर असणार, की पहिल्या रात्री जेवायला येऊन सेल्फी देऊन जाणार? निम्मा निर्णय इथेच होतो.

उरलेल्या निम्म्यासाठी पर्याय बरेच आहेत. पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने मला विचारलं, तर मी दोनच नावं घेतो.

मायोर्का हे स्पेनचं बेट. इथला सायकल सहलींचा धंदा मोठा करणाऱ्यांत माक्स ह्युर्त्सेलर हा स्विस रेसर आहे. ट्रॅकवर मोटरसायकलच्या मागे सायकल पळवायच्या शर्यतीत तो 1987 चा जगज्जेता. इथली पद्धत सोपी. हॉटेलात राहा, सायकल भाड्याने घ्या, सकाळी वेगानुसार गट निघतात त्यातल्या एकात सामील व्हा. आज गट झेपला नाही तर उद्या खालच्या गटात जा, कोणी नावं ठेवत नाही. फक्त स्वतःचा वेग खरा सांगा. आपल्याकडे 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, पूर्ण केली की माणूस फुशारतो, पण तिला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आत. त्या मेडलवरून गट ठरवू नका.

इथला मानाचा घाट सा कालोब्रा. सव्वीस वळणं, साधारण साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के चढ. सिंहगड न थांबता चढत असाल तर जमेल. मेख अशी की हा घाट आधी समुद्रापर्यंत उतरायचा असतो आणि मग त्याच रस्त्याने वर यायचं असतं. खाली पोचल्यावर 'आज राहू दे' म्हणायची सोय नाही.

इटलीतल्या टस्कनीचा मामला वेगळा. गट लहान, जेवण हा निम्मा कार्यक्रम, आणि खर्च मायोर्कापेक्षा बराच जास्त. 1988 ची जिरो दितालिया, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत, जिंकणारा अमेरिकन अँडी हॅम्पस्टेन, गाव्हियाच्या घाटात बर्फ पडत असताना शर्यत फिरवणारा, त्याने निवृत्तीनंतर इथेच सहली सुरू केल्या. कंपनीचं नाव चिंगाले, म्हणजे रानडुक्कर. पुढे जुआंव कोरेया या पोर्तुगीज रेसरने टस्कनीतल्याच कियांती भागात 'इनगांबा' ही सहल कंपनी काढली. तिच्यात मेकॅनिक आणि मालिशवालेसुद्धा व्यावसायिक संघांतले. तिच्या गाइडांमध्ये एरोस पोली होता, आणि माझ्या मते गाइड कसा असावा ते त्याच्याकडे बघून कळतं.

पोली सव्वासहा फुटांहून उंच, घाटासाठी अगदीच चुकीचा देह. चिपोलिनीसारख्या स्प्रिंटरला वारा अंगावर घेत शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊन सोडायचं, ही त्याची नोकरी. 1994 च्या तूर द फ्रान्समध्ये मात्र तो एकटाच पुढे निघाला. वाटेत मों व्हाँतू हा फ्रान्समधला अवघड घाट होता. चढात आपण किती वेळ गमावणार याचा त्याने हिशोब मांडला आणि पायथ्याशीच वीस मिनिटांहून जास्त आघाडी जमवली. माथ्यावर त्यातली पाचेक मिनिटं उरली, आणि टप्पा त्याने जिंकला. घाटात जीव जाणं म्हणजे काय हे या माणसाला माहीत आहे.

म्हणून माझा कल नेहमी विजेत्यापेक्षा संघात दुसऱ्यासाठी राबणाऱ्या गड्याकडे. एका सहलीत नाव मोठं असलेला रेसर पहिल्याच चढावर निघून गेला तो थेट कॉफीच्या टेबलावर दिसला. दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर जो होता त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. चढावर माझा दम तुटायला लागला तेव्हा न बोलता शेजारी आला, कमरेच्या जरा वर तळहात टेकवला आणि दहा-बारा पेडल मला ढकललं. मी गटात परत. वर म्हणाला, "तासाभरात तू काही खाल्लेलं नाहीस." त्याने मोजलं होतं!

टस्कनीत मायोर्कासारखे लांब घाट फारसे वाट्याला येत नाहीत, पण सपाटीही नाही. दोन किलोमीटर चढ, उतार, पुन्हा चढ. शिवाय पांढऱ्या खडीचे रस्ते. 2007 पासून होणारी स्त्रादे ब्यांके शर्यत याच रस्त्यांवरून सिएनात शिरते. टायर निदान 28 मिलिमीटरचे मागा.

आल्प्स पहिल्या वर्षी नकोच. आल्प द्युएझ 13.8 किलोमीटर, सरासरी आठ टक्के. त्या चढावर बोलायला श्वास उरत नाही, मग शेजारच्या रेसरचे पैसे कशाला द्यायचे?

बजेट मोजकं असेल, रोज भरपूर किलोमीटर हवे असतील, तर मायोर्का, मार्च ते मे. जोडीदार सायकल चालवत नसेल, किंवा एका माणसाकडून आठवडाभर शिकायचं असेल, तर टस्कनी, मे किंवा सप्टेंबर. मी दुसऱ्यांदा पैसे टस्कनीतच घालीन.

शाकाहारी असाल तर मायोर्कात कॉफीबरोबर येणारा गोल, साखर भुरभुरलेला एन्साइमादा खाऊ नका. नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. आणि कुठेही गेलात तरी सायकल हातात आल्यावर आधी ब्रेक दाबून बघा. आपल्याकडे बहुधा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, तिकडे बहुधा डावा. दुकानातच उलटा लावून मागा. सा कालोब्राच्या तिसऱ्या वळणावर हे आठवून उपयोग नाही.