लाईन आल्यावर आपोआप बोलणारा संगणक: एनव्हीडीए वापरून पाहिल्यावर

मला दिसत नाही. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाचा सगळा हिशेब मी संगणकावर ठेवते. पडद्यावरचं सगळं बोलून सांगणारा प्रोग्राम म्हणजे स्क्रीन रीडर. तो पारखायची माझी कसोटी एकच. लाईन गेली, परत आली, संगणक नव्याने सुरू झाला, की पासवर्ड मागतो तिथूनच तो बोलतो का? आमच्याकडे उन्हाळ्यात लाईनचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉपला बॅटरी नसते.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बोलतो, आणि तोही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढे जेम्स टेह त्यांच्यासोबत आले. दोघांनाही दिसत नाही, आणि वापरताना ते जाणवतं.

संगणक घेताना दुकानदाराने विचारलं होतं, "ताई, हा चालवणारं कोणी आहे का घरी?" पहिल्या दिवशी कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून विंडोजमधलाच नॅरेटर हा स्क्रीन रीडर सुरू केला आणि त्याच्या आधाराने एनव्हीडीए उतरवून घेतला. त्याची फाइल उघडली की बसवायच्या आधीपासूनच तो बोलू लागतो. बसवताना साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरायचा का, असा एक चौकोन येतो. त्यात आधीच खूण असते, ती काढू नका.

खरी अडचण इथून पुढे. आत मराठी आवाज निवडला, वेग मनासारखा केला, तरी पासवर्डच्या ठिकाणी तो मूळच्याच आवाजात बोलत होता. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये 'जनरल' या भागात एक बटण आहे: सध्या जतन केलेली सेटिंग साइन-इनच्या आणि सुरक्षित पडद्यांवर वापरा. ते दाबायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. आवाज पुन्हा बदलला तर बटणही पुन्हा दाबावं लागतं. इतकी कामाची गोष्ट इतकी आत ठेवायला नको होती.

आता पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षराला 'स्टार' ऐकू येतं, कॅप्स लॉक चुकून दाबला गेला तर तेही कळतं. आधी पुतण्याला बोलवावं लागे, "काकू, कॅप्स लॉक लागलाय" हे तो सांगे, आणि पासवर्ड त्याला माहीत असे. गटातल्या बायांच्या पैशाचा हिशेब आहे तो. कोणी किती उचललं, कोणाचा हप्ता राहिला, हे घरातल्या पोरालाही कळू नये. मला या सोयीचं सर्वात मोल याचं वाटतं.

उणिवा आहेत. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज सपाट, यंत्रासारखा आहे. कानाला सवय व्हायला वेळ लागतो, पण बटण दाबताच उत्तर देतो, म्हणून मी तोच ठेवलाय. विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये, एनव्हीडीए काहीच बोलू शकत नाही. अपडेट चालू असतानाही शांतता असते. पंख्याचा आवाज ऐकत बसायचं, मधेच बटण दाबून बंद करायचं नाही.

सगळं लावून झालं की दिसणारं कोणी जवळ असतानाच संगणक एकदा बंद करून सुरू करून बघा. नाहीच बोलला, तर आत शिरल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबा. बसवताना शॉर्टकटची खूण ठेवली असेल तर एनव्हीडीए तिथून सुरू होतो.