देवमाशाच्या प्राचीन नातलगांचा प्रतिकृती-संच : दादरमधील खरेदी

मुलीसाठी दादरच्या एका दुकानातून देवमाशाच्या तीन प्राचीन नातलगांच्या प्रतिकृतींचा संच १,८५० रुपयांना घेतला. (देवमासा मासा नाही, हे तिला आधीच पटवावे लागले.) त्यातील मांजराएवढा इंडोहायस सर्वांत सरस आहे. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे सापडलेल्या सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या खुरवाल्या प्राण्याच्या कानाच्या हाडाची भिंत देवमाशासारखीच जाड होती, आणि कवटीच्या प्रतिकृतीत हा भाग वेगळ्या रंगाने दाखवल्यामुळे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, त्याचे देवमाशाशी नाते दाखवणाऱ्या संशोधनाचे मर्म हाताळून समजते. चार पायांच्या पाकिसेटसच्या घोट्याचे हाडही, दोन्ही टोकांना कप्पीसारखे असलेले, नेमके घडवले आहे. गाय-हरणांतही तसेच हाड असल्याने देवमाशाचे नाते समखुरी (पायाला सम संख्येने खूर असलेल्या) प्राण्यांशी जुळले.

निराशा केली ती संचातील तिसऱ्या प्राण्याने, अँब्युलोसेटसने. पोहण्यासाठी उपयोगी पडणारे त्याचे मोठे मागचे पाय इथे इतके आखूड केले आहेत की तो मगरीचे पिल्लूच वाटतो. दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. सोबतच्या मराठी पत्रकातील अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. तरीही इंडोहायस एकटा मिळत असेल, तर तेवढा जरूर घ्यावा.