‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ : सात महिने, तीन प्रती आणि एक नकाशा

गेल्या आठवड्यात मुंब्रा सोडल्यावर माझ्या हातातल्या पुस्तकाची पाठ उकलली आणि पानं मांडीवर आली. ही दुसरी प्रत. पहिलीचं असंच पावसाळ्यात झालं होतं. दोन्ही वेळा पुस्तक फाटलं ते एकाच पानाशी, कथेतल्या रेल्वेडब्याच्या नकाशापाशी. दोन्ही वेळा कारणही एकच : तो नकाशा नीट दिसावा म्हणून मी पुस्तक जरा जोर देऊन उघडलं होतं. हे पुस्तक विकत घेणाऱ्याला कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पुस्तक कशाबद्दल आहे ते बहुतेकांना ठाऊक असेल. लेखिका अगाथा ख्रिस्ती, १९३४, गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो, बर्फात अडकलेली गाडी, बंद कप्प्यात बारा वार झालेला माणूस. शेवट मी सांगणार नाही. मात्र तीन नंबरच्या कप्प्यातल्या एका कडीबद्दल पुढे बोलावंच लागेल. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी तेवढा परिच्छेद गाळावा.

मी आरेखक आहे. फोर्टातल्या एका ऑफिसात दिवसभर इमारतींचे आराखडे काढतो आणि डोंबिवलीहून जाता-येता वाचतो. जूनमध्ये ऑनलाइन सवलतीत ही कादंबरी एकशे एकोणचाळीस रुपयांना दिसली, लगेच मागवली. पुस्तकावर दोनशेच्या वर खर्च करायचा नाही हा आमच्या घरचा जुना नियम आहे आणि मला तो पटतो. कागद पिवळट होता, अक्षर बारीक होतं, पण त्याची तक्रार नाही. त्या किमतीत तेवढंच मिळतं.

तक्रार नकाशाची आहे. कॅलेला जाणाऱ्या डब्याचा आराखडा माझ्या प्रतीत समोरासमोरच्या दोन पानांवर छापला आहे. डब्याचा मधला भाग दोन पानांमधल्या बांधणीत गेला आहे. शिवण नाही, नुसता गोंद, त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही. डावीकडे चार ते अकरा नंबरचे दोन-दोन बर्थचे चार कप्पे स्वच्छ दिसतात. उजवीकडे तेरा, चौदा, पंधरा, सोळा दिसतात. मध्ये एक, दोन, तीन, बारा कुठेतरी गोंदात. दोन नंबर म्हणजे ज्याचा खून झाला त्या रॅचेटचा कप्पा. एक पॉयरोचा, तीन मिसेस हबर्डचा. आणि दोन-तीनच्या मधलं दार, ज्याच्यावरून सगळी चौकशी फिरते, ते बरोबर बांधणीच्या रेषेवर आलेलं. बारा कप्प्यांचा डबा मधोमध कापला तर रेघ तिथूनच जाते, हे छापणाऱ्याने एकदा मोजून बघायला हवं होतं.

पहिल्या वाचनात मला याचं महत्त्व कळलं नव्हतं, हे मान्य करतो. नकाशा दिसत नाही म्हटल्यावर मी तसाच पुढे गेलो. कप्पे एकापासून सोळापर्यंत ओळीने असतील, तीनच्या शेजारी चार असेल, असं मनाशी धरून वाचत राहिलो आणि तिथेच फसलो. या डब्यात तीनच्या शेजारी बारा आहे. चार ते अकरा हे दुसऱ्या वर्गाचे बर्थ एका टोकाला, पहिल्या वर्गाचे आठ कप्पे दुसऱ्या टोकाला. एकाच्या शेजारी दहा-अकरा येतात. हे कळलं नाही तर कोण कुणाच्या दारावरून गेलं, लाल किमोनो घातलेली बाई कॉरिडॉरमध्ये कुठे दिसेनाशी झाली, कंडक्टरला आपल्या जागेवरून काय दिसलं असेल, यातलं काहीच जुळत नाही. साक्षी वाचल्या जातात, डब्यात उभं राहता येत नाही.

त्यामुळे दुसरा भाग मला फार कंटाळवाणा वाटला होता. कादंबरीचे तीन भाग आहेत : घडलेलं, साक्षी-पुरावे आणि मग पॉयरो शांत बसून विचार करतो तो. मधल्या भागात एकेक प्रवासी जेवणाच्या डब्यात येऊन बसतो, एकेका साक्षीला एकेक प्रकरण. अमेरिकन सेक्रेटरी झाला, नोकर झाला, स्वीडिश बाई झाली, रशियन राजकन्या झाली. दर वेळी तेच प्रश्न : किती वाजता झोपलात, काय ऐकलंत, पासपोर्ट दाखवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी मित्राला फोनवर सांगितलं होतं की शंभर पानं उगाच आहेत. ते मत आता मागे घेतो.

झालं असं. पहिली प्रत फाटली तेव्हा नकाशाची दोन्ही पानं अलगद सुटून आली. ऑफिसात ती शेजारी-शेजारी ठेवली, वर ट्रेसिंग पेपर लावला, पट्टी घेतली आणि गोंदात गेलेला भाग जोडून डबा पूर्ण काढला. बारा कप्पे, दारं, कॉरिडॉर, कंडक्टरची बसायची जागा. एका बाजूला अथेन्सहून आलेला डबा, दुसऱ्या बाजूला जेवणाचा. प्रत्येक कप्प्यात माणसाचं नाव लिहिलं. जेवणाच्या सुट्टीतली चाळीस मिनिटं लागली. मग तो कागद मांडीवर ठेवून दुसरा भाग पुन्हा वाचायला घेतला.

त्या दिवशी ठाण्याला उतरणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हाही मला मान वर करायचं भान नव्हतं. ज्या साक्षी मला सारख्या वाटल्या होत्या त्या सारख्या नव्हत्याच. प्रत्येक जण आपल्या दारातून दिसेल तेवढंच सांगतो आणि ते तेवढंच दिसू शकतं का, हे कागदावर बोट ठेवून तपासता येतं. ख्रिस्तीबाईंनी वाचकापासून काहीही लपवलेलं नाही. सगळा हिशोब समोर मांडला आहे, वाचणाऱ्याने बसून बेरीज करायची.

आता ती कडी. मिसेस हबर्डचा कप्पा तीन नंबरचा. तिच्या आणि रॅचेटच्या कप्प्यात मधलं दार आहे. ती साक्षीत सांगते की रात्री आपण ग्रेटा ओल्सन या स्वीडिश बाईला विचारलं, त्या दाराची कडी लावलेली आहे का बघ. स्वतःला का दिसलं नाही? तर दाराच्या मुठीला तोंड धुण्याच्या सामानाची पिशवी अडकवली होती, ती कडीवर आलेली. बाई बडबडी आहे, सारखी मुलीचं कौतुक सांगते, हे वाक्यही त्या बडबडीत वाहून जातं. मी दोनदा वाचून गेलो तरी थांबलो नाही. पॉयरो थांबतो. सम नंबरच्या कप्प्यांत कडी मुठीच्या अगदी खाली आहे, तिथे पिशवी अडकवली तर कडी झाकली जाईल. विषम नंबरच्या कप्प्यांत मात्र कडी मुठीच्या बरीच वर आहे. तीन नंबरमध्ये त्या पिशवीने कडी झाकली जाणं शक्यच नाही.

हे वाचून मी ट्रेसिंग काढलं. एक, दोन, तीन, मग बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. तीननंतर एकदम बारा येतो तरी विषम-सम, विषम-सम हा क्रम कुठेही मोडत नाही! एकाआड एक दाराची कडी खाली, मग वर. माझ्या आराखड्यातली दारांची उंची साइटवर चुकली की काय होतं ते मी वीस वर्षं बघतो आहे. दाराच्या कडीची जागा हाच पुरावा करणारी लेखिका मला त्या क्षणी फार जवळची वाटली. आणि हा सगळा पुरावा ज्या दारावर उभा आहे तेच दार माझ्या प्रतीत गोंदाने खाल्लेलं. खरं सांगतो, राग तेव्हा आला, पुस्तक फाटलं तेव्हा आला नव्हता.

विक्रेत्याशी झालेला वाद थोडक्यात. पुस्तक परत करायची मुदत सात दिवस, माझी तक्रार पाचव्या आठवड्यातली. मी फोटो पाठवले, पट्टी ठेवून किती भाग बांधणीत गेला ते दाखवलं. उत्तर आलं की छपाई प्रकाशकाकडून आली तशी आहे आणि मजकूर पूर्ण आहे. मजकूर पूर्ण नाही, हेच माझं म्हणणं होतं. नकाशा म्हणजे वेलबुट्टी नव्हे, कादंबरीचं पान आहे. अकरा ई-मेलनंतर त्यांनी बदली प्रत पाठवली. तीही त्याच छपाईची, तीच मुंब्र्याला सुटली. पैसे परत मिळाले नाहीत, एकशे एकोणचाळीस रुपये गेले ते गेले.

तिसरी प्रत ऑक्टोबरमध्ये हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर सापडली. जुनी, शिवलेल्या बांधणीची, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले. नव्वद रुपये सांगितले, सत्तरला दिली. घेण्याआधी तिथेच उभ्याने नकाशाचं पान काढलं. एकाच पानावर, आडवा, बारा कप्पे स्पष्ट. आधीच्या कुणा मालकाने पेन्सिलीने कॉरिडॉरमध्ये एक बारीक बाण काढलेला आहे, दहा-अकराकडून एकाकडे जाणारा. तो मी पुसलेला नाही.

तीनदा वाचल्यावर आणखी एक मत बदललं, ते शेवटाबद्दल. पॉयरो दोन उलगडे मांडतो आणि त्यातला कुठला पोलिसांना सांगायचा ते इतरांवर सोडतो. पहिल्यांदा मला ते अजिबात रुचलं नव्हतं. आयुष्यभर खरं शोधणाऱ्या माणसाने शेवटी असं करावं? मग पुस्तकामागची हकीकत वाचली. कादंबरीत गाडीतल्या खुनाच्या आधीच जिचा खून झालेला असतो ती लहानगी डेझी आर्मस्ट्राँग वाचताना लिंडबर्ग प्रकरण आठवतंच. विमानोड्डाणाने जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स लिंडबर्ग यांचं तान्हं मूल १ मार्च १९३२ रोजी घरातून पळवलं गेलं. खंडणीचे पन्नास हजार डॉलर देऊनही मे महिन्यात त्याचा मृतदेहच सापडला. लिंडबर्ग यांच्या सासरी कामाला असलेल्या एका मुलीने पोलिसांच्या वारंवार चौकशीनंतर विष घेतलं आणि नंतर ती निर्दोष ठरली. कादंबरीतही एक निर्दोष नोकराणी अशीच जीव देते. आणि तारीख बघा : पुस्तक आलं १९३४ च्या जानेवारीत, तर त्या गुन्ह्यात हाउप्टमन या आरोपीला अटक झाली १९३४ च्या सप्टेंबरात. म्हणजे ज्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं त्यांच्या दृष्टीने बाळाचा खुनी अजून मोकळा होता. हे कळल्यावर शेवटचं प्रकरण मी पुन्हा वाचलं आणि घशात आवंढा आला. पॉयरोने केलं ते योग्यच असं अजूनही म्हणवत नाही. पण राग उरलेला नाही.

अडकलेल्या गाडीची कल्पनाही हवेतून आलेली नाही. १९२९ मध्ये ओरिएंट एक्सप्रेस तुर्कस्तानात चेरकेझकोयजवळ बर्फात कित्येक दिवस अडकून पडली होती. ख्रिस्तीबाईंची स्वतःची गाडी डिसेंबर १९३१ मध्ये पुराने रूळ वाहून गेल्यामुळे रखडली आणि त्या प्रवासाचं लांबलचक पत्र त्यांनी नवऱ्याला लिहिलं. नवरा मॅक्स मॅलोवन, पुरातत्त्वज्ञ; दोघांची भेट १९३० मध्ये इराकात उर इथल्या उत्खननावर झाली. कादंबरीतला कर्नल आर्बथनॉट हिंदुस्तानातून सुट्टीवर निघालाय, तो वाटेत उर बघायला एक रात्र थांबल्याचं सांगतो. सरळ बोटीने जायचं सोडून हा खुष्कीने का निघाला, असा प्रश्न पॉयरोला पडतो. मला तो बोरीबंदरच्या फलाटावर पडला आणि पुढची दोन स्टेशनं मी त्यावरच विचार करत होतो.

खुनाच्या कप्प्यात सापडलेल्या रुमालाचं प्रकरणही आपल्या वाचकांना विशेष आवडावं. रुमालावर एच अक्षर. सगळे एचपासून सुरू होणारी नावं शोधतात. रशियन लिपीत तीच आकृती ‘न’ची असते. एकच चिन्ह दोन लिप्यांत दोन उच्चारांचं, हे देवनागरी आणि रोमन रोज शेजारी-शेजारी वाचणाऱ्याला लवकर सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

१९७४ चा सिडनी ल्युमेटचा सिनेमाही या दरम्यान बघितला. इन्ग्रिड बर्गमनला ग्रेटाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण सिनेमात डबा डोळ्यांपुढून जातो, थांबून कप्पे मोजता येत नाहीत. पुस्तकाचं अमेरिकेतलं पहिलं नाव ‘मर्डर इन द कॅले कोच’ होतं. मला तेच जास्त नेमकं वाटतं. सगळं त्या एका डब्यात आहे.

घ्यायचं असेल तर दुकानात जाऊन घ्या. नकाशाचं पान काढा, दोन आणि तीनच्या मधलं दार दिसतंय का बघा. ऑनलाइनच घ्यायचं झालं तर शिवलेल्या बांधणीची जुनी प्रत विचारा आणि त्या पानाचा फोटो आधी मागवा. ई-बुकात पान मोठं करता येतं, पण माझ्या फोनवर अक्षरं फुटत होती.

परवा भाचीने पुस्तक मागितलं, बारावीची परीक्षा झाल्यावर वाचणार म्हणाली. फुटपाथवरची प्रत कव्हर घालून तिच्यासाठी बाजूला ठेवली आहे. सोबत ट्रेसिंगची नवी प्रत काढून देणार आहे, त्यात फक्त कप्पे आणि नंबर, नावं तिची तिने भरायची.