रचना सहायक की महापालिकेतला कनिष्ठ अभियंता? नगरनियोजनात शिरण्याआधी

एका यादीत राज्याच्या नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागात रचना सहायक म्हणून नाव आलंय, दुसऱ्या यादीत एखाद्या महापालिकेत कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) म्हणून. अशा वेळी घरात पहिला प्रश्न पगाराचा निघतो आणि नेमका तोच बिनकामाचा असतो. दोन्ही पदं साधारणपणे सातव्या वेतन आयोगाच्या एस-१४ स्तरात येतात, मूळ वेतन ३८,६०० पासून. घरभाडे भत्ता शहरानुसार थोडा इकडे-तिकडे. त्यावरून ठरवण्यासारखं काही नाही.

फरक दुसरीकडे आहे. महापालिकेत तुम्हाला नियोजक म्हणून घेत नाहीत, अभियंता म्हणून घेतात. आज बांधकाम परवानगीच्या टेबलावर असाल, बदलीचा आदेश निघाला की पाणीपुरवठ्यात, मग मलनिस्सारणात, मग एखाद्या क्षेत्रीय कार्यालयात पावसाळ्यातल्या खड्ड्यांवर. शहर तेच राहतं, काम बदलतं. राज्याच्या विभागात बरोबर उलटं: काम तेच, गाव बदलतं. आज जिल्ह्याच्या शाखा कार्यालयात, उद्या एखाद्या नगरपरिषदेची विकास योजना करणाऱ्या पथकात, परवा मूल्यांकनाच्या बाजूला, जिथे रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचे जमीन-घरांचे सरकारी दर ठरवण्याचं काम चालतं. घरच्यांना शहर महत्त्वाचं वाटतं, तुम्हाला विषय. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

डीपी करणं म्हणजे काय

नियोजनाची पदवी घेतलेल्यांचं स्वप्न डीपीचं, म्हणजे शहराच्या विकास योजनेचं असतं, म्हणून त्यावर जरा थांबू. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने सगळा रस्ता आखून दिला आहे. योजना करण्याचा इरादा जाहीर करायचा, विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण करायचं, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, हरकती-सूचना मागवायच्या, नियोजन समितीपुढे सुनावण्या, मग शासनाकडे मंजुरीसाठी. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घाम सर्वेक्षणात गळतो, आणि नव्या माणसाला तेच काम मिळतं. गल्लीगल्लीत फिरून कुठे दुकान, कुठे वर राहती जागा, कुठे शाळा, कुठे नुसतंच पडीक, हे नोंदवायचं. कंटाळवाणं आहे, पण यातली चूक किती महाग पडते ते मुंबईने पाहिलं. २०१५च्या फेब्रुवारीत २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला, त्यात अस्तित्वात असलेल्या वास्तूंच्या जागी भलतंच दाखवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि दोन-तीन महिन्यांत तो नव्याने करायचे आदेश निघाले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये.

पुण्याचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवा. जुन्या हद्दीची २००७ ते २०२७ या काळासाठीची विकास योजना शासनाने २०१५ मध्ये महापालिकेकडून काढून घेतली, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या योजनेतली दहा वर्षं मंजुरीआधीच संपली होती. आता याला बदल्यांचा कायदा जोडून बघा. २००५च्या कायद्याने शासकीय कर्मचाऱ्याचा एका जागी साधारण पदावधी तीन वर्षांचा. ज्याने सर्वेक्षण केलं तो हरकतींच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ज्याने सुनावण्यांच्या नोंदी केल्या त्याला मंजुरीची बातमी वर्तमानपत्रातून कळते. राज्य सेवेत तुम्ही दहा शहरांच्या योजनांवर काम कराल, पण एकही योजना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमची होईल याची खात्री नाही. हे ज्याला सलतं त्याने आधीच विचार करावा.

आणि टेबलावर बसणं म्हणजे काय

महापालिकेत बांधकाम परवानगीकडे गेलात तर दुसऱ्याने आखलेल्या रेषा तुम्हाला जमिनीवर उतरवायच्या असतात. कुणी झोन दाखला (जमीन डीपीत कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा) मागतं, कुणी भाग नकाशा, म्हणजे डीपीच्या नकाशाचा तेवढा तुकडा. मोजणीची क प्रत, म्हणजे भूमी अभिलेखने मोजून दिलेला प्लॉटचा नकाशा, डीपीच्या नकाशावर ठेवायची आणि रस्ता प्लॉटमधून जातो की शेजारून, ते सांगायचं. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. पेनाच्या जाडीएवढ्या फरकाने एखाद्याच्या घराचा अर्धा दिवाणखाना रस्त्यात जातो, आणि तो माणूस समोर बसलेला असतो. डीपी पथकात असताना हा माणूस हरकतीचा एक क्रमांक असतो. इथे तो चहा पाजायला तयार असतो, रडतो, कधी नगरसेवकाला घेऊन येतो.

आरक्षणांचंही, म्हणजे डीपीत मैदान, शाळा अशांसाठी राखून ठेवलेल्या जागांचंही, तसंच. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ही मुदत सांभाळणं, स्थळपाहणी करून वस्तुस्थितीचा अहवाल देणं, पैसे नसतील तर मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा चटई क्षेत्र घेण्यासाठी तयार करणं, हे महापालिकेतलं खरं नियोजन. मैदान वाचतं ते अशा फायलींमुळे. नियोजनाच्या पुस्तकात याला फार जागा नसते, पण माझ्या मते शहरावर याचा परिणाम रंगीत नकाशाइतकाच होतो.

दबाव दोन्हीकडे आहे, प्रकार वेगळा. डीपी पथकात तो वरून येतो, फोनवर, आणि क्वचित येतो. परवानगीच्या टेबलावर रोज येतो, बहुतेक वेळा गोड बोलून. ‘साहेब, आजच सही करा, उद्या स्लॅब आहे.’ अर्ज ऑनलाइन झाल्याने फाइल कुठे अडली हे दिसू लागलं, पण जोत्याची तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्राआधीची पाहणी अजूनही माणूसच करतो. नाही म्हणायची सवय नसेल तर हे टेबल त्रास देईल.

वरची जागा कुणाची

बढतीचा हिशेब लोक सहसा करत नाहीत. बहुतेक महापालिकांत नगररचनेच्या वरच्या खुर्चीवर सहायक संचालक किंवा उपसंचालक असतात आणि ते राज्याच्या विभागातून प्रतिनियुक्तीवर, म्हणजे काही काळासाठी पाठवलेले. म्हणजे महापालिकेचा अभियंता शहर अभियंता होऊ शकतो, नगररचनेचा प्रमुख होणं कठीण. राज्य सेवेत रचना सहायकाला सहायक नगर रचनाकार, नगर रचनाकार आणि पुढे संचालनालयाकडे जाणारी शिडी तरी दिसते. मुंबई महापालिका हा मोठा अपवाद: तिथे विकास नियोजन खातं स्वतःच्या अभियंत्यांचं, वर प्रमुख अभियंता. तिथल्या अभियंत्याला नियोजनातच राहण्याची संधी इतर कुठल्याही महापालिकेपेक्षा जास्त.

पण मुंबईची एक अडचण आहे. डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाचे सामाईक नियम, जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नवी मुंबई विमानतळाभोवतालचं नैना क्षेत्र, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा असे काही अपवाद. पूर्वी बदली झाली की नवं गाव, नवी नियमावली, पुन्हा पहिल्यापासून पाठांतर. आता साताऱ्यात शिकलेलं अकोल्यात चालतं, त्यामुळे राज्य सेवेतल्या बदल्यांचा निम्मा जाच कमी झाला असं मी म्हणेन. मुंबईत मात्र २०३४ची वेगळी नियमावली. ३३(७), ३३(९), ३३(१०) हे तिथले पुनर्विकासाचे नियम तोंडपाठ असणाऱ्याला मुंबईत सोन्याचा भाव, ठाण्याच्या पुढे नाही.

खासगी सल्लागाराकडे जाण्याचा पर्याय थोडक्यात सांगतो, कारण तो निवडणारे बहुतेक आधीच ठरवून आलेले असतात. वास्तुविशारदाच्या कार्यालयातलं लायझनिंग, म्हणजे परवानग्यांसाठी सरकारी कार्यालयांशी पाठपुरावा, असेल तर नियम लवकर पक्के होतात, नकाशे आखायला कमी मिळतात. नगरपरिषदांच्या जीआयएस (संगणकावरच्या नकाशा-प्रणाली) आधारित योजनांची कामं घेणाऱ्या संस्थेत उलट: सॉफ्टवेअर उत्तम येतं, सुनावणीत मात्र शेवटच्या खुर्चीवर बसावं लागतं, कारण सही तुमची नसते. शासकीय भरतीला खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा साधारण ३८ आहे, तेव्हा दोन-तीन वर्षं तिथे काढून परीक्षा देणं अगदी शक्य आहे.

माझा कल लपवत नाही. नियोजनाची पदवी असेल तर राज्य सेवा घ्या, नाहीतर पाचव्या वर्षी तुम्ही पंपिंग स्टेशनवर असाल आणि कुणाचाही दोष नसेल. स्थापत्य अभियंते असाल, घर त्याच शहरात असेल, जोडीदाराची नोकरी हलणार नसेल, तर महापालिका घ्या आणि परवानगी विभागासाठी अर्ज करत राहा. मुंबईची यादी हातात असेल तर तिथेच जा, मात्र पुढे मुंबई सोडायचा विचार नसेल तरच.

रुजू होण्याआधी त्या महापालिकेचे सेवा प्रवेश नियम आणि आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता) मागून वाचा. नगररचनेची पदं किती, त्यातली प्रतिनियुक्तीची किती आणि बढतीने भरायची किती, ते त्यात लिहिलेलं असतं. संकेतस्थळावर मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, प्रतींचा खर्च वेगळा.