घोड्याचा साज, माणसाच्या मापाचा: धारावीतल्या कारागिराचं काम

(फक्त सज्ञान वाचकांसाठी. चावट काही नाही, पण विषय किंकचा, म्हणजे चाकोरीबाहेरच्या आवडीचा आहे.)

निकाल आधीच सांगते. धारावीत काळा किल्ला डेपोच्या मागे एका चर्मकार काकांकडून आम्ही पोनी प्लेचा साज शिवून घेतला: छातीचा पट्टा, कमरेचा तंग, डोक्याची म्होरकी आणि लगाम. शिलाईला पाचपैकी पाच, मापाला साडेचार, वेळ पाळण्याला जेमतेम दोन. एकूण चार तारे. दुकानाचं नाव देणार नाही. काकांना विचारलं होतं, ते म्हणाले, "ताई, काम सांगा लोकांना, पाटी नको. समोर शाळा आहे." त्यांचं बरोबरच आहे.

विषयच नवा असेल त्यांच्यासाठी थोडं. पोनी प्लेमध्ये एक जण घोडा होतो आणि दुसरा त्याला फिरवतो. फिरवणाऱ्याला हँडलर म्हणतात. दोघंही सज्ञान, दोघांचीही राजीखुशी, आणि खराखुरा प्राणी यात कुठेच नाही. ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. काहींना छोटी गाडी ओढायला आवडतं. काहींना पाठीवर स्वार हवा असतो. आणि काहींना नुसतं सजून, गुडघे उंच उचलत ऐटीत चालायचं असतं. आम्ही तिसऱ्यातले. 1 बीएचकेमध्ये गाडी फिरवणार कुठे, आणि पाठीवर बसण्याबद्दल मी फिजिओथेरपिस्ट म्हणून बोलते: माणसाची कंबर त्यासाठी बनलेली नाही. चार पायांवर असताना सगळा भार गुडघ्यांवर आणि मणक्याच्या खालच्या भागावर येतो. मी रोज दादरला असल्याच कमरा बघते, घरी आणखी एक नको.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो याचा बेडरूमशी संबंध काय. काहींच्या बाबतीत असतो, काहींच्या नसतो. आमच्याकडे नवरा ट्रॅकपँट-टीशर्टवर साज चढवतो आणि अर्धा तास हॉलमध्ये चालतो. एरवी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याची नोकरी आहे त्याची. घोड्याला कुणी उत्तर विचारत नाही, हेच त्याला हवं असतं. माझं म्हणाल तर त्या अर्ध्या तासात मला दुसरीकडे बघताच येत नाही. त्याचा श्वास, खांदे, पाऊल कसं पडतंय, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. मोबाईल आपोआप बाजूला राहतो.

हे काही आजचं खूळ नव्हे. ॲरिस्टॉटलच्या पाठीवर फिलिस नावाची बाई लगाम धरून बसली आहे, ही कथा मध्ययुगीन युरोपात घरोघरी माहीत होती आणि हान्स बाल्डुंग ग्रीन या जर्मन चित्रकाराने 1513 मध्ये तिचा लाकडी ठसा कोरला. शहाण्यासुरत्या माणसालाही बाई कशी नाचवते, असा उपदेश होता तो. ॲरिस्टॉटलचा चेहरा बघा आणि उपदेश कितपत पोचला ते तुम्हीच ठरवा.

आता काकांकडे येऊ. त्यांचे वडील व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मुंबईतल्या जुन्या घोडागाड्यांच्या, घोड्यांचा साज शिवायचे. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, वर्षभरात बंद करायला सांगितल्या, आणि आधीच आटलेलं ते काम पुरतं संपलं. आता दुकानात बेल्ट, पाकिटं आणि कुत्र्यांचे पट्टे. मी साज हवा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "घोडा केवढा?" म्हणाले. "पाच फूट नऊ इंच," मी म्हटलं. त्यांनी टेप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि टेप परत उचलला. "मग तंग पोटावर नको, कमरेच्या हाडावर घेऊ. घोड्याची छाती खोल असते, माणसाची रुंद." एवढंच. पुढे एकही चौकशी नाही.

तुम्ही गेलात तर एक पाळा. हा माणसासाठी आहे आणि घरात वापरायचा आहे, एवढं सरळ सांगावं. पण दुकानात अंगावर चढवून ऐट करू नये. कारागीर पट्टा शिवायला तयार झालाय, आपल्या खेळात सामील व्हायला नाही. मापं टीशर्टवरून घ्या, ट्रायल कपड्यांवरून आणि पटकन.

कातडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, कोल्हापुरी चपलेचं असतं त्या जातीचं. अंगाचे पट्टे चार मिलिमीटर जाडीचे, म्होरकीचे तीन, आतून मऊ अस्तर. मेणाच्या दोऱ्याची दुहेरी हातशिलाई. आरीने भोक पाडून दोन्ही बाजूंनी सुई घालताना मी त्यांना बराच वेळ बघत बसले. टाका इतका सारखा की मशीनचा वाटावा, फक्त वळणावर काका टाके थोडे जवळ घेतात, कारण ताण तिथेच येतो. बकला पितळेच्या मागून घेतल्या. स्वस्त मुलाम्याच्या बकलांत निकेल असतं, घामाने ते कातडीला लागतं आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना पुरळ उठतं. ऑक्टोबरच्या मुंबईत घाम येणार नाही असा घोडा अजून जन्मायचा आहे.

म्होरकी मात्र काकांनी पहिल्यांदा खऱ्या घोड्यासारखी केली, गळ्याखालून जाणाऱ्या पट्ट्यासकट. तो मी लगेच काढायला लावला. माणसाच्या गळ्यावर समोरून काहीही आवळलेलं नको, सैल असलं तरी नको, कारण लगाम ओढला की सैल पट्टाही घट्ट होतो. आता म्होरकी हनुवटीखाली आणि डोक्यामागे धरते. कपाळपट्टी थोडी भुवयांवर उतरते, त्याचा अर्धा तारा कापला.

तोंडातली कडी हा मोठा विषय. घोड्याच्या सामानात लोखंडी कडी मिळते म्हणून नवखे ती उचलतात. घेऊ नका. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी हिरडी असते, कडी तिथे बसते. आपल्याला ती जागाच नाही. लोखंड थेट दातांवर येतं, आणि एक हिसका बसला की दाताचा टवका किंवा जबड्याचा सांधा. आम्ही खाण्याच्या भांड्यांना वापरतात तसल्या सिलिकॉनची दांडी घेतली. दोन्ही टोकांना काकांनी चामड्याच्या टोप्या शिवून दिल्या, दांडी जिभेखाली नव्हे, दातांमध्ये हलकी धरायची. आणि लगाम कडीला जोडलेलाच नाही, छातीच्या पट्ट्यावर खांद्याजवळच्या कड्यांना जोडलाय. डावा ओढला की डावा खांदा हलतो, घोडा वळतो. जबड्याला धक्का नाही. ही कल्पना काकांची, मला याचं फार कौतुक वाटलं.

तोंडात दांडी असली की "थांब" म्हणता येत नाही, लाळ मात्र येते, रुमाल जवळ हवा. म्हणून नवऱ्याच्या मुठीत घुंगरांचा जुडगा असतो. तो खाली पडला की सगळं तिथेच थांबतं, का ते नंतर विचारायचं. मूठ मोकळी नसेल तर तीनदा पाय आपटणे. पण त्यासाठी हॉलमध्ये जाड रबरी मॅट टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात आणि त्यांना काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. आम्ही झुंबा सांगतो.

खुरांचे बूट दिसायला छान, पण त्यांना टाच नसते, सगळा भार चवड्यावर येतो आणि पोटऱ्या दुसऱ्या दिवशी सूड घेतात. सुरुवातीला साधे स्पोर्ट्स शूज पुरेत. झापडं, तुरा, शेपूट हे हौसेनुसार. तुरा आम्ही दादरलाच पोळ्याच्या आधी बाजारात आलेल्या गोंड्यांतून बनवला, लाल आणि पिवळा. परदेशी दुकानातल्या शहामृगाच्या पिसापेक्षा तो त्याला जास्त शोभतो.

परदेशी दुकानावरून आठवलं. याआधी एका ऑनलाइन दुकानातून तयार सेट मागवला होता. किंमत दुप्पट, कातडं म्हणून जे आलं त्याचा वरचा थर पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटला. काकांचा सगळा मिळून साडेनऊ हजारांत झाला. पण काळा रंग सुटतो. पहिल्यांदा घामेजल्यावर पांढऱ्या बनियनवर पट्ट्यांचा नकाशा उमटला, म्हणून आधी ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या. बगलेकडची कडही थोडी कडक होती, काचायची, ती त्यांनी फुकट घासून दिली.

खऱ्या तक्रारी दोन. एक, गणपतीच्या आधी देतो म्हणाले आणि दिवाळीला दिला. दोन, सगळ्या बकला काटेवाल्या. घामट हातांनी त्या सुटायला वेळ लागतो, आणि चार मिलिमीटरचं कातडं घरातल्या कात्रीने ऐनवेळी कापलं जात नाही. चक्कर आली, पायात गोळा आला तर साज एका झटक्यात निघायला हवा. कमरेच्या तंगाला मी नंतर खटकन सुटणारी क्लिप लावून घेतली. तुम्ही ऑर्डर देतानाच सांगा, काकांना जमतं.

पावसाळ्यात साज कपाटात कोंबू नका, बुरशी धरते. सुक्या फडक्याने पुसून पंख्याखाली टांगा, उन्हात नको. आणि माप देताना छाती पूर्ण श्वास भरून मोजायला सांगा. काका टेप जरा घट्ट धरतात, त्यांना दोन बोटं आत घालून दाखवावी लागतात.